क्लच दाबला की आवाज थांबतो, मग बिघाड कुठे?



ध्वनीचा पाठ शिकवताना एक प्रश्न दरवर्षी हमखास येतो. वारंवारिता म्हणजे काय, आयाम म्हणजे काय, हे सगळं फळ्यावर लिहून झालं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, याचा उपयोग काय?" आपण शाळेच्या घंटेचं, तबल्याचं, सोनोग्राफीचं उदाहरण देतो आणि पुढे सरकतो. मी आज जरा वेगळं उदाहरण घेतोय. ते घंटेपेक्षा किचकट आहे, पण मुलं, विशेषतः गाड्यांचं वेड असलेली मुलं, त्यात रमतात. आणि मी स्वतः त्यात एकदा चुकलोय, म्हणून ते मला पक्कं लक्षात आहे.

माझा एक जुना विद्यार्थी सध्या अमेरिकेत, टेक्सासमध्ये नोकरीला असतो. शाळेत असल्यापासून गाड्यांचा नाद. तिथे त्याने वापरलेली निसान ३५०झेड घेतली. ही दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार. साडेतीन लिटरचं व्ही-६ इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. २००२ साली बाजारात आली तेव्हापासून हौशी लोक तिच्यात काही ना काही बदल करत आले आहेत. यानेही केले. क्लच नवा टाकायचाच होता, तर त्यासोबत कंपनीचं जड फ्लायव्हील काढून हलकं, निम्म्याच्या आसपास वजनाचं फ्लायव्हील बसवून घेतलं. त्याच वेळी गिअरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं रबरी माउंटिंग काढून कडक बसवलं.

गाडी घरी आणली आणि रात्री मला फोन. "सर, गिअरबॉक्स गेला बहुतेक." व्हॉट्सअ‍ॅपवर रेकॉर्डिंग पाठवलं. पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या घालून हलवल्यासारखी खडखड. गाडी उभी, न्यूट्रलला, इंजिन चालू. क्लच दाबला की आवाज गायब. सोडला की परत सुरू. दुसऱ्या एका गॅरेजने ऐकून सांगितलं होतं की गिअरबॉक्स उतरवून दुसरा घालावा लागेल. सांगितलेला आकडा ऐकून पोराची झोप उडाली होती.

आता इथे थांबा आणि वर्गात मुलांना विचारा : क्लच दाबल्यावर आवाज थांबतो, यावरून काय कळतं? बहुतेक मुलं म्हणतील, "म्हणजे क्लच खराब आहे." मोठी माणसंही हेच म्हणतात. उत्तर चुकीचं आहे, पण का चुकीचं आहे हे कळायला आत काय फिरतंय ते बघावं लागेल.

आत काय फिरतं?

इंजिनाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लचप्लेट. क्लचप्लेटच्या मधून गिअरबॉक्सचा पहिला दांडा, म्हणजे इनपुट शाफ्ट, आत जातो. आत गेल्यावर त्याच्यावरचा एक गिअर खालच्या दांड्याला, म्हणजे काउंटर शाफ्टला, फिरवतो. काउंटर शाफ्टवरचे गिअर वरच्या मुख्य दांड्यावरच्या गिअरांना फिरवतात. मुख्य दांड्यातून पुढे प्रोपेलर शाफ्ट, मग डिफरन्शियल, मग चाकं.

गंमत अशी आहे की गाडी न्यूट्रलला असली तरी हे सगळे पुढचे गिअर फिरतच असतात. दातात दात कायमचे अडकलेले असतात. फक्त मुख्य दांड्यावरचे गिअर त्या दांड्याला जखडलेले नसतात. ते त्याच्याभोवती मोकळे फिरतात. आपण गिअर टाकतो म्हणजे दातात दात घालत नाही, तर त्या मोकळ्या गिअरांपैकी एकाला स्लीव्हने दांड्याशी जखडतो. पालकांपैकी वीस-वीस वर्षं गाडी चालवणाऱ्यांनाही ही गोष्ट ठाऊक नसते, असा माझा अनुभव आहे.

क्लच दाबला की इनपुट शाफ्ट इंजिनापासून सुटतो आणि क्षणात थांबतो. तो थांबला की काउंटर शाफ्ट थांबला, सगळे मोकळे गिअर थांबले. म्हणजे क्लच दाबल्यावर आवाज गेला याचा खरा अर्थ "क्लच खराब" असा नाही. आवाज करणारी वस्तू इनपुट शाफ्टच्या पलीकडे आहे, आणि तो शाफ्ट फिरला तरच ती वाजते, एवढाच त्याचा अर्थ.

उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर संशयित वेगळे. एक रिलीज बेअरिंग, जे प्रेशरप्लेटच्या बोटांवर दाबलं जातं. दुसरं पायलट बेअरिंग, जे क्रँकशाफ्टच्या टोकात बसून इनपुट शाफ्टचं नाक धरून ठेवतं. क्लच सोडलेला असतो तेव्हा क्रँक आणि इनपुट शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे पायलट बेअरिंगला कामच नसतं. दोघांचा वेग वेगळा झाला की ते काम करू लागतं. या दोघांतला फरक पायाला कळतो : पेडलवर हलका भार पडताच करकर सुरू झाली तर बहुधा रिलीज बेअरिंग, पेडल बरंच खाली जाऊन क्लच पुरता सुटल्यावर सुरू झाली तर पायलट.

जातं, शिलाई मशीन आणि फ्लायव्हील

आता फ्लायव्हीलकडे. आजीचं जातं आठवा. हाताचा ढकला एका फेऱ्यात एखाद्या ठिकाणीच जोरात लागतो, तरी दगड सलग फिरतो, कारण तो जड आहे. ढकला मिळाला की तो ऊर्जा साठवतो आणि पुढच्या ढकल्यापर्यंत थोडी थोडी परत देतो. पायाच्या शिलाई मशीनचं चाकही तेच करतं.

इंजिनही एकसारखं ढकलत नाही. चार स्ट्रोकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट होतात. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण ६५० फेरे घेत असेल तर सेकंदाला जवळजवळ अकरा फेरे, म्हणजे सेकंदाला बत्तीस-तेहेतीस धक्के. प्रत्येक धक्क्याला क्रँकचा वेग किंचित वाढतो, मध्ये किंचित कमी होतो. फ्लायव्हीलचं जडत्व निम्मं केलं तर तोच धक्का वेगात दुप्पट चढउतार घडवतो. हे गणित नववी-दहावीच्या मुलांना समजतं; करून घ्या.

पण वजन हा अर्धाच भाग आहे. ३५०झेडचं मूळ फ्लायव्हील एका तुकड्याचं नसतं. त्याला ड्युअल मास फ्लायव्हील म्हणतात : दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. एक चकती इंजिनाला जोडलेली, दुसरी क्लचच्या बाजूला. इंजिनाचे हिसके पहिली चकती खाते, मधल्या स्प्रिंगा दबतात-उलगडतात, आणि दुसरी चकती बरीच शांतपणे फिरते. बंद पडलेला टेम्पो साखळीने ओढला तर हिसके बसतात, मध्ये जाड रबरी पट्टा असला तर बसत नाहीत, तसंच. जर्मनीच्या लुक कंपनीने १९८५ च्या सुमारास हे फ्लायव्हील मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. आपल्याकडे स्कोडा-फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत ते अनेकांनी नकळत वापरलेलं आहे, आणि बदलायची वेळ आल्यावर किंमत ऐकून कपाळाला हातही लावलेला आहे.

माझ्या विद्यार्थ्याने बसवलेलं हलकं फ्लायव्हील एका तुकड्याचं होतं. म्हणजे जडत्वही कमी आणि मधली स्प्रिंगही नाही. इंजिनाचे ते बत्तीस-तेहेतीस धक्के आता थेट इनपुट शाफ्टवर येतात. इथे एक बारीक मुद्दा आहे, तो गाडीत बदल करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा. ज्या गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं, त्यांतल्या पुष्कळ गाड्यांच्या क्लचप्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा नसतात. ते काम फ्लायव्हील करतं म्हणून प्लेट साधी ठेवलेली असते. एकसंध फ्लायव्हील टाकून प्लेट मात्र तीच बिनस्प्रिंगची ठेवली, तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये मऊ असं काहीच उरत नाही. सुदैवाने याने स्प्रिंगवाली प्लेट घेतली होती. नाहीतर आवाज याहून कितीतरी वाईट असता.

खडखड कशामुळे?

दोन गिअरांच्या दातांमध्ये केसाएवढी फट ठेवावीच लागते. गॅरेजमध्ये तिला "प्ले" म्हणतात. फट नसेल तर गरम झाल्यावर दात फुगून अडकतील आणि तेलाला जागा मिळणार नाही. गिअरवर भार असेल तेव्हा दात एकाच बाजूने दाबलेले राहतात, फट बंद. पण न्यूट्रलला त्या मोकळ्या गिअरांवर काहीच भार नसतो. त्यांना एका बाजूला धरून ठेवतं ते फक्त तेलाचं चिकटपण. इंजिनाचा हिसका त्या चिकटपणापेक्षा जोरदार झाला की मोकळ्या गिअराचा दात एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूवर आपटतो, पुन्हा पहिल्या बाजूवर येतो. सेकंदाला तीसेक वेळा, अनेक जोड्यांमध्ये एकदम. हीच ती सुपाऱ्यांची खडखड.

हे कारण खरं असेल तर त्यातून काही गोष्टी निघायला हव्यात, आणि त्या तपासून बघता येतात. मुलांना मी हे मुद्दाम करायला लावतो : कारण सुचलं की त्याचे परिणाम काय असायला हवेत ते आधी कागदावर लिहा, मग बघा. तर, तेल थंड असताना घट्ट असतं, म्हणून सकाळी गाडी चालू केल्यावर खडखड कमी हवी आणि अर्धा तास चालवल्यावर वाढायला हवी. ॲक्सिलरेटर हलकेच देऊन इंजिन बाराशे-पंधराशे फेऱ्यांवर नेलं की धक्के जवळ जवळ येतात, प्रत्येक धक्क्याने वेगात होणारा चढउतार लहान होतो, म्हणून खडखड विरायला हवी. आणि गाडी गिअरमध्ये टाकून भार दिला की निदान भाराखालचे दात गप्प बसायला हवेत.

फोनवर मी हेच विचारलं. "थंड असताना?" "सर, सकाळी जवळजवळ नसतोच." "रेस दिल्यावर?" "जातो." झालं. गिअरबॉक्स शाबूत आहे, ही मोकळ्या गिअरांची खडखड आहे, हलक्या फ्लायव्हीलसोबत ती यायचीच, असं मी त्याला सांगितलं. आणि ते बरोबर होतं.

इथे लक्षात घ्या, क्लच दाबून आवाज जातो ही एकच चाचणी पुरेशी नव्हती. इनपुट शाफ्टचं बेअरिंग खराब झालं तरी आवाज क्लच दाबल्यावर जातोच, कारण तेही त्याच शाफ्टवर आहे. फरक रेस दिल्यावर कळतो. खडखड विरते, बेअरिंगची घरघर विरत नाही, उलट फेऱ्यांबरोबर तिचा स्वर चढत जातो. दुसऱ्या गॅरेजने फक्त पहिली चाचणी केली आणि गिअरबॉक्स बदलायला सांगितला. त्यांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, पण अर्धी चाचणी करून पूर्ण बिल सांगणं आपल्याकडेही नवीन नाही.

माझी चूक

त्याच फोनमध्ये तो जाता जाता म्हणाला, "सर, हायवेवर एक बारीक घूंऽऽ असा आवाजपण येतो." मी लगेच उत्तर दिलं. डिफरन्शियलचं रबर काढून कडक माउंटिंग टाकलंस ना? मग क्राऊन-पिनियनचा आवाज आता थेट बॉडीत येणार. रबर तो आवाज गाळत होतं. चालव बिनधास्त.

उत्तर शास्त्रीयदृष्ट्या पटण्यासारखं होतं. अशा बदलानंतर तो आवाज खरोखरच येतो, हौशी लोक तो गृहीतच धरतात. पण मी एकही चाचणी सांगितली नाही. पहिल्या आवाजाचं निदान बरोबर आल्याच्या आनंदात दुसरं निदान मी नुसतं बोलून टाकलं. वर्गात एका मुलाचं उत्तर बरोबर आलं की पुढचं उत्तर आपण न तपासता मान डोलावतो, तसंच.

काय विचारायला हवं होतं? एवढंच : "गिअर बदलल्यावर आवाज बदलतो का?"

हे नीट समजून घेऊ, कारण या लेखातली सगळ्यात उपयोगी चाचणी हीच आहे. या गाडीच्या मागच्या टायरचा परीघ साधारण सव्वादोन मीटरच्या थोडा आत, २.१३ मीटर धरा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला १३ फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.५३८, म्हणून प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला सुमारे ४६ फेरे घेतो. गाडी ताशी १०० वर असेपर्यंत हा आकडा कुठल्याही गिअरमध्ये ४६ च राहणार, कारण प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागे आहे.

इंजिनाचं तसं नाही. पाचव्या गिअरचं गुणोत्तर बरोबर १, म्हणजे इंजिनही सेकंदाला ४६, मिनिटाला सुमारे २७७० फेरे. चौथ्याचं १.२७१, म्हणून साधारण ३५२० फेरे. सहाव्याचं ०.७९४, म्हणून साधारण २२००.

तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून चौथा, पाचवा, सहावा असे गिअर बदलायचे. आवाजाचा स्वर तसाच राहिला तर तो गिअरबॉक्सच्या मागचा : प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, चाकाचं बेअरिंग. स्वर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढला-उतरला तर तो इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या भागातला. डिफरन्शियलची आणखी एक खूण म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की एक आवाज आणि सोडला की दुसरा, कारण दातांची दाबली जाणारी बाजू बदलते.

आणि पाचवा गिअर का महत्त्वाचा, तर या गिअरबॉक्समध्ये तो थेट असतो. इनपुट शाफ्ट आणि मुख्य दांडा एकमेकांना सरळ जखडले जातात. काउंटर शाफ्ट तेव्हाही फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. रिकामी बैलगाडी मागे चालावी तसा. बाकी सगळ्या गिअरांत शक्ती त्याच्यातून जाते. म्हणजे एखादा आवाज बाकीच्या गिअरांत येतो आणि नेमका थेट गिअरमध्ये बसतो, तर पहिला संशय काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर.

तीन आठवड्यांनी त्याचा पुन्हा फोन आला. घूंऽऽ वाढला होता, आता त्यात घरघरही मिसळली होती. या वेळी मी विचारलं. तो म्हणाला, तिसऱ्या-चौथ्यात जोरात, पाचव्यात जवळजवळ बंद, सहाव्यात परत. मी खुर्चीत सरळ बसलो. हा डिफरन्शियलचा आवाज असूच शकत नव्हता.

त्याला सांगितलं, गाडी अजिबात चालवू नकोस, आधी तेल बघ. बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना इंजिनासारखी डिपस्टिक नसते. बाजूला तेल भरायचं भोक असतं, त्याचा बोल्ट काढायचा. गाडी सपाट जागेवर असताना तेल त्या भोकाच्या कडेपर्यंत हवं. याने बोट घातलं तर बोटाला तेल लागेना. खालून काढलेलं तेल भांड्यात घेऊन उन्हात धरलं तर त्यात चंदेरी कण चमकत होते, दिवाळीच्या रांगोळीतल्या चमकीसारखे.

तेल गेलं कुठे? गळती नव्हती. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पुष्कळ गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचं पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीत नुसतं सरकवलेलं असतं. क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे तो शाफ्ट ओढून काढावा लागतो, आणि शेपटीचं तोंड बंद केलं नाही, गिअरबॉक्स मागे कलला, की तिथून तेल सांडतं. परत बसवताना पातळी बघून भरायला हवं होतं. फ्लायव्हील बसवणाऱ्या गॅरेजने ते केलं नव्हतं. तेल कमी असेल तर वरच्या बेअरिंगांपर्यंत आणि दातांपर्यंत ते नीट उडत नाही, आणि महिनाभरात बेअरिंगचा पृष्ठभाग खरवडायला लागतो.

हे फक्त पैशाचं प्रकरण नव्हतं. बेअरिंग पूर्ण तुटून गिअरबॉक्स धावत्या गाडीत जाम झाला असता तर मागची चाकं एकदम अडकली असती. ताशी १०० वर मागची चाकं अडकणं म्हणजे काय, हे पालकांना सांगायला नको. आणि "चालव बिनधास्त" हे शब्द माझे होते.

वर्गात आणि घरी

आणखी काही आवाज आहेत, ते थोडक्यात सांगतो. गिअर टाकतानाच खर्रकन् आवाज येत असेल तर बेअरिंग शोधत बसू नका. क्लच पूर्ण सुटत नाही किंवा सिंक्रोनायझर झिजलाय, या दोन शक्यता आधी. क्लचच्या तेलाच्या लाइनीत हवा राहिली तरी असं होतं. सावकाश वळताना मागून कटकट येत असेल आणि डिफरन्शियल क्लचप्लेटवाला लिमिटेड स्लिप असेल, तर त्याला लागणारं खास तेल घातलंय का ते विचारा. आणि खडखड कमी व्हावी म्हणून कुणी भलतंच घट्ट तेल घालायला सांगितलं तर ऐकू नका. पुस्तकात जे लिहिलंय तेच. ज्या गिअरबॉक्सला जीएल-४ प्रतीचं तेल सांगितलंय त्यात डिफरन्शियलचं जीएल-५ घातलं, तर त्यातली काही रसायनं पितळी सिंक्रोनायझरला मानवत नाहीत.

यातलं काहीही मुलांकडून खऱ्या गाडीखाली करून घेऊ नका. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मोठ्या माणसानेही शिरू नये, स्टँड आणि चाकाला अडणी लावल्याशिवाय तर नाहीच. चालू इंजिनाजवळ कान नेण्याची गरज नाही. चाचण्यांचा मोठा भाग सीटवर बसून, पायाने आणि कानाने होतो. हायवेवरची गिअरची चाचणी चालवणाऱ्याने करायची आणि टिपण शेजारी बसलेल्याने ठेवायचं.

वर्गात मी दोन गोष्टी करतो. पहिली, जुन्या खेळण्यातले दोन प्लॅस्टिकचे गिअर एका पुठ्ठ्यावर टाचणीने, मुद्दाम थोडे सैल बसवतो. एक गिअर हाताने हळू, एकसारखा फिरवला की आवाज नाही. तोच हिसके देत फिरवला की कटकट. मग दुसऱ्या गिअराला बोटाने हलकं दाबून धरा : भार आला, आवाज थांबला. दातांवर थोडं ग्रीस लावा, कटकट बसते. मुलं स्वतःच सांगतात की सकाळच्या थंड तेलात आवाज का नसतो.

दुसरी म्हणजे मोबाईलवरचं आवाजाची वारंवारिता दाखवणारं एखादं मोफत ॲप. मिक्सर, पंखा, शाळेची पाण्याची मोटर, कशाचाही आवाज घ्या आणि वेग बदलल्यावर आलेखातला कुठला उंचवटा सरकतो आणि कुठला जागेवर राहतो ते टिपून घ्या. जो सरकतो तो फिरण्याशी बांधलेला. जो जागीच राहतो तो दुसऱ्याच कशाचा तरी : पत्रा, पाइप, भिंत. मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने या पद्धतीने दाखवून दिलं की मोटरचा म्हणून समजला जाणारा आवाज मुळात टाकीच्या सैल झाकणाचा होता. शिपाईकाकांनी झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवला, आवाज बंद.

टेक्सासमधल्या गिअरबॉक्सचं म्हणाल, तर तो उघडावा लागला. काउंटर शाफ्टचं एक बेअरिंग खवलं होतं. दात वाचले होते. बेअरिंगं नवी घातली, तेल भोकाच्या कडेपर्यंत भरलं, या वेळी त्याने स्वतः उभं राहून. मग मला दोन रेकॉर्डिंग पाठवली. एक हायवेचं, चौथा-पाचवा-सहावा, एकाच वेगाला. त्यात एक बारीक घूंऽऽ अजून आहे, पण तिन्ही गिअरांत त्याच स्वरात. तो डिफरन्शियलच्या कडक माउंटिंगचा. दुसरं सिग्नलला उभ्या गाडीचं. त्यात ती डब्यातल्या सुपाऱ्यांची खडखड जशीच्या तशी आहे, आणि खाली त्याने लिहिलंय, "सर, शेजारच्या गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं, गिअरबॉक्स गेलाय का म्हणून."